देजॉनला जाताय? आधी म्यॉलचीचं पाणी शिका

तुमचा प्रश्न असा: सप्टेंबरमध्ये पीएचडीसाठी दक्षिण कोरियातल्या देजॉनला जायचंय, खोलीत एकच शेगडी, मासे-चिकन चालतं, बीफ नाही, तर कुठल्या ऋतूत कुठलं सूप?

ऋतू नंतर, आधी पाणी, म्हणजे सूपचा पाया. म्यॉलची म्हणजे सुकी अँचोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातली. बोटाएवढ्या दहा-बारा घ्या. डोकी आणि पोटातला काळा भाग काढा, तो राहिला की पाणी कडू. कोरड्याच भांड्यात मिनिटभर परता, 1 लिटर पाणी आणि तळहाताएवढा दाशिमा (वाळवलेलं समुद्रशेवाळ) घाला. उकळी फुटली की दाशिमा बाहेर, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. मासे अजून 10 मिनिटं उकळा, मग गाळा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात छुसॉकचा सण येतो, त्याचं तोरानगुक म्हणजे चक्क अळकुड्यांचं सूप! हातमोजे घालून सोला, तांदळाच्या धुवणात 5-7 मिनिटं उकडा, ते पाणी ओतून द्या. खाज तिथेच जाते. लोक बहुधा बीफच्या पाण्यात करतात, तुम्ही म्यॉलचीचं घ्या.

थंडी किमची चिगेची, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीच्या (किमचीच्या) रश्श्याची. इथे हटकून चुकतं ते एकच: ताजी किमची. चिगे सपक होतं. फ्रिजमध्ये महिनाभर आंबलेली 300 ग्रॅम किमची चमचाभर तेलात 5 मिनिटं परता, मग अर्धा लिटर पाणी आणि किमचीचा आंबट रस. 20 मिनिटं रटरटू द्या, टोफू शेवटी. फारच आंबट लागलं तर अर्धा चमचा साखर. नववर्षाचं तॉकगुक (तांदळाच्या पिठाच्या चकत्यांचं सूप) बाहेर खाणार असाल तर ‘सोगोगी’ (बीफ) आहे का विचाराच.

मार्चमध्ये बाजारात नेंगी ही रानभाजी येते. मुळांतली माती खरवडा. तांदळाच्या दुसऱ्या धुवणात द्वेनजांग (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) विरघळवून उकळा, नेंगी वरून.

मोड आलेल्या सोयाबीनचं कोंगनामुलगुक बारमाही. झाकण ठेवायचं तर शेवटपर्यंत ठेवा, किंवा ठेवूच नका. मध्येच उघडलंत की उग्र कच्चट वास येतो.

जुलै-ऑगस्टमधल्या बोकनालच्या (सर्वांत उकाड्याचे मानलेल्या) तीन दिवशी सामग्येतांग, म्हणजे पोटात चिकट तांदूळ, जिनसेंग, लसूण भरलेली अख्खी कोवळी कोंबडी. ती बाहेरच खा, उन्हाळ्यात एका खोलीत तासभर उकळणं हा जाच आहे. अळणी आली म्हणून परत पाठवू नका. मीठ टेबलावर असतं, आपल्या बेताने घालायचं.