‘कन्सल्टंट’च्या करारावर सही करण्याआधी

प्रश्न : मुलीला पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम मिळतंय. महिना ४०,००० रुपये, पण नेमणूकपत्राऐवजी ‘कन्सल्टन्सी करार’. पीएफ नाही, १० टक्के टीडीएस. वेळ दहा ते सात, लॅपटॉप कंपनीचा, रजा मॅनेजर मंजूर करणार, दुसरीकडे काम करायला मनाई. सही करावी का? – एक पालक, नाशिक

नमस्कार. या अटी नोकरीच्याच आहेत, कागद तेवढा कंत्राटाचा. कायदा कागदावरच्या नावाला बांधलेला नाही. कामावर ताबा कोणाचा, साधनं कोणाची, नफातोटा कोणाच्या अंगावर, हे न्यायालय पाहतं. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात (१९७३) नगावर मजुरी घेणारे शिंपीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतलेच ठरवले. यंत्रं दुकानाची होती आणि शिवण पसंत पडली नाही तर पुन्हा करायला लावण्याचा हक्क मालकाचा होता. पण हे सिद्ध करण्यात वर्षं जातात, म्हणून बोलायचं ते सहीआधीच.

टीडीएसची चिंता नको. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. रिटर्न भरलं की वर्षाचे ४८,००० परत मिळतील. मात्र फॉर्म आयटीआर-१ चालणार नाही, ३ किंवा ४ लागेल. पीएफवरही अडून बसू नका : मूळ पगार १५,००० च्या वर आणि आधीचं खातं नसेल, तर नोकरीतही कंपनी तो नाकारू शकते.

खरं नुकसान दुसरीकडे आहे. २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा, ग्रॅच्युइटी, आणि २४० दिवस भरल्यावर नोकरकपातीत काढलं तर महिन्याची नोटीस व दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई, हे सगळं या करारात हातचं जातं. (लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र कन्सल्टंटलाही लागू आहे.)

कंपनीला कायमची बांधिलकी नको असेल, तर ‘निश्चित मुदतीची नियुक्ती’ मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार अशा कर्मचाऱ्याला कायम कर्मचाऱ्यासारखेच लाभ आहेत आणि ग्रॅच्युइटी एकच वर्ष भरलं तरी मिळते. माझ्या मते हीच मागणी मान्य होण्याची शक्यता सर्वांत जास्त.

तेही नाकारलं, तर दुसरीकडे काम न करण्याची अट काढून घ्या, नोटीस दोन्ही बाजूंना सारखी ठेवा आणि फी वाढवून मागा. रुजू झाल्यावर रजामंजुरीचे आणि कामवाटपाचे मेल, हजेरीच्या नोंदी तिने स्वतःकडे जपाव्यात. ग्राहकांची गोपनीय माहिती मात्र त्यात येऊ देऊ नये.