पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा पैसा मोडू, की बिल क्रेडिट कार्डावर टाकू?

वाचकाचा प्रश्न: वय ३६, स्वतंत्र व्यवसाय, आरोग्य विमा नाही. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, पडलो आणि कोपर खरचटलं. बाटलीतलं पाणी मारलं आणि राइड पूर्ण केली. चौथ्या दिवशी हात सुजून लाल झाला, थंडी वाजून ताप आला. तीन रात्री रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. बिल माझ्या पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढं झालं. निम्मं बचतीतून भरलं, उरलेलं महिनाभरात भरायचं आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल राइडसाठी तीन वर्षं साठवलेले पैसे आहेत, साधारण चार महिन्यांच्या खर्चाएवढे. ते मोडू, की बिल कार्डावर टाकून हळूहळू फेडू? आणि पुढच्या दोन तपासण्या टाळून त्या पैशांत लगेच विमा घेतला तर?

उत्तर: पैशाचं नंतर बोलू, आधी त्या दोन तपासण्या. त्या टाळू नका. गोळ्या सुरू होऊन लाली ओसरली की माणसाला बरं वाटायला लागतं आणि उरलेला खर्च नकोसा होतो, हे मी समजू शकतो. पण कोपराची जागा अवघड आहे. तिथे कातडीखाली लगेच द्रवाची एक छोटी पिशवी असते आणि तिच्या खाली हाड आणि सांधा. त्वचेतला संसर्ग काही दिवसांच्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. तोच हाडात उतरला तर सहसा चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक घ्यावं लागतं, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. आत्ताच्या बिलाचा पेच नंतर सोडवता येईल, पण तो दुसरा खर्च तुमच्या कुठल्याच हिशेबात बसणार नाही. गोळ्यांचा कोर्स डॉक्टरांनी सांगितलाय तेवढे दिवस पूर्ण करा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. लाली रेघेबाहेर सरकली, पुन्हा थंडी-ताप आला, धाप लागली, बोलताना गोंधळ व्हायला लागला किंवा कोपर दुमडताना कळ आली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच क्षणी निघा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. मळलेल्या जखमेच्या वेळी शेवटचा डोस होऊन ५ वर्षांहून जास्त काळ लोटला असेल तर तो पुन्हा देतात.

खर्च कमी करायचाच असेल तर तो डॉक्टरांसमोर बसून करा. "माझा विमा नाही, सगळं मी खिशातून भरतोय," एवढं एक वाक्य स्पष्ट बोला. याच औषधाचं जेनेरिक चालेल का, ही रक्ततपासणी आज लागेलच का, दुसरी भेट फोनवर होईल का, हे विचारण्यात कमीपणा काहीच नाही. डॉक्टरांनी विचारपूर्वक कमी केलेली तपासणी आणि तुम्ही घरी बसून परस्पर टाळलेली तपासणी यांत फार अंतर आहे.

आता बिलाकडे. तुम्ही निम्मं भरलंत, पण पत्रावरून वाटतं की हातात फक्त एकूण आकडा असलेला कागद आहे. उरलेल्या रकमेला हात लावण्याआधी ओळीओळीचं सविस्तर बिल मागा. प्रत्येक इंजेक्शन, सलाइन, खोलीचा प्रत्येक दिवस वेगळा दिसला पाहिजे. डिस्चार्जचा कागद शेजारी ठेवून जुळवा. माझ्या वडिलांच्या आजारपणात अशाच एका बिलात डिस्चार्जनंतरचा एक दिवस लावलेला सापडला होता. दाखवल्यावर तो मुकाट्याने काढला गेला. तेव्हापासून मी कुणालाही नुसत्या एकूण आकड्यावर पैसे भरू देत नाही. चुका निघोत न निघोत, पुढचा प्रश्न ठरलेला: विमा नसलेल्यांसाठी काही सवलत आहे का, आणि राहिलेली रक्कम बिनव्याजी हप्त्यांत घ्याल का? हा प्रश्न काउंटरवर नव्हे, बिलिंग विभागाच्या प्रमुखांना लेखी विचारा, आणि त्यांनी मान्य केलेलंही लेखीच घ्या.

कार्ड मात्र नको. का, ते आकड्यांत सांगतो. उरलेल्या बिलाचे १०० भाग धरू. समजा कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. तुम्ही दर महिन्याला ५ भाग भरलेत तर पहिल्या महिन्यात त्यातले ३ व्याजातच जातात, मुद्दल फक्त २ ने उतरतं. असं करत फेडायला ३१ महिने लागतील आणि १०० च्या जागी जवळपास १५५ जातील. रुग्णालयाने हेच ५ भागांचे हप्ते बिनव्याजी दिले तर २० महिन्यांत १०० मध्ये सगळं संपतं.

राहिला तो पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा पैसा. १२०० किलोमीटर, ९० तास, तेही चार वर्षांतून एकदाच. त्या खात्याला हात लावताना काय वाटत असेल, याची मला कल्पना आहे. तरीही रुग्णालयाने हप्ते नाकारले तर तोच मोडा असं मी सांगेन. बँकेत तो वर्षाला कमावणार किती, आणि कार्ड घेणार किती! तो राखून कार्डाचं कर्ज वाढवलंत तर २०२७ मध्ये तुम्ही स्टार्टला उभे राहाल ते कर्ज डोक्यावर घेऊन. बिल भरून दीड महिन्याचा खर्च हातात उरेल. त्याचं नाव आजपासून आपत्कालीन निधी, त्याला सायकलसाठी हात लावायचा नाही. हप्ते मिळाले तर फंड मोडू नका, हप्ता महिन्याच्या कमाईतून द्या. पण तेव्हाही फंडातला तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढून आपत्कालीन म्हणून ठेवा. हात दुखत असताना तुमचं कामही कमी होणार आहे आणि स्वतंत्र व्यवसायात आजारपणाची पगारी रजा नसते. उरलेल्यावर पुन्हा हळूहळू साठवा. पात्रतेच्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड्सना प्रवासापेक्षा खूप कमी पैसा लागतो, त्या थांबवायची गरज नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, आणि मला ती सगळ्यात आधी तपासावीशी वाटते. ब्रेव्हेच्या प्रवेश अर्जाची पावती काढा. काही आयोजकांच्या शुल्कात अपघात विमा असतो. काही सायकल क्लबांच्या सदस्यत्वात, बँक खात्यात किंवा त्याच क्रेडिट कार्डातही असतो. अनेक अपघात पॉलिसी जंतुसंसर्ग वगळतात, पण अपघाताच्या जखमेतून झालेला संसर्ग धरतात. म्हणून जखम राइडमध्ये पडून झाली हे कागदावर दिसायला हवं. ब्रेव्हे कार्ड (वाटेतल्या थांब्यांवर शिक्के घेतात ते), त्या दिवशीचे फोटो, सोबतच्या रायडरचं लेखी म्हणणं एकत्र ठेवा आणि डिस्चार्ज कागदावर पडल्याचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना तो घालायची विनंती करा. दावा कळवायला मुदत असते, त्यामुळे हे याच आठवड्यात करा.

नवा आरोग्य विमा घ्यायचाच आहे, पण तो या बिलासाठी उपयोगाचा नाही. झालेल्या खर्चावर कुणी पॉलिसी देत नाही. अर्जात हे रुग्णालयात दाखल होणं स्पष्ट लिहा. लपवलंत तर पुढचा दावा याच कारणाने नाकारला जाऊ शकतो. प्रतीक्षा कालावधी किती, तुमच्या वाट्याचा खर्च किती, आणि 'स्पर्धा' किंवा 'साहसी खेळ' या शब्दांखाली काय वगळलंय, ते वाचा. ब्रेव्हे नियमांनुसार शर्यत नाही, तिथे क्रमांक लागत नाहीत. पण विमा कंपनी तिला काय मानते ते ईमेलवर लिहून घ्या. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. आपत्कालीन निधी भरेपर्यंत पॉलिसी छोटी असली तरी चालेल. हात पूर्ण बरा झाल्यावर पुढची ३०० करण्याआधी ती लागू झालेली असावी, एवढं पाहा.

तपासणीला जाल तेव्हा सविस्तर बिलाचा आणि हप्त्यांचा अर्ज लिहूनच न्या. दोन्ही अर्जांची पोच घ्या.