एकाच ऑफिसात मॅक आणि विंडोज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं छोटं प्रकाशन आहे. टायपिंग आणि मुद्रितशोधन विंडोजवर होतं, मांडणी मॅकवर. फाइल मॅकवर उघडली की कुठे वेलांट्या जागा सोडतात, कुठे चौकोन दिसतात. मांडणीकार विंडोजला दोष देतो, टायपिस्ट म्हणतात मॅकला मराठी जमत नाही. दिवाळी अंक तोंडावर आहे. चूक नक्की कुणाची?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही मशिन्स मराठी व्यवस्थित दाखवतात. तुमच्याकडे बहुधा तीन वेगळे बिघाड एकत्र झाले आहेत, म्हणून आधी ते वेगळे करा. एक परिच्छेद निवडून त्याला ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांसारखा युनिकोड (सगळ्या मशिन्सवर प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) फाँट लावा.

मजकुराची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं झाली, तर तो जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप झाला आहे. श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. त्यातल्या 256 पैकी वरच्या 128 जागांचे तक्ते (कोणत्या जागी कोणतं अक्षर ते) मॅक आणि विंडोजवर पूर्वी वेगवेगळे होते, त्यामुळे तोच फाँट टाकूनही काही जोडाक्षरं बदलायची. असा मजकूर मॅकवर दुरुस्त करत बसू नका. जिथे टाइप झाला त्याच मशिनवर, त्याच फाँटसाठीचा कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणा. दुसऱ्या फाँटचा तक्ता लावला तर बहुतेक मजकूर बरोबर दिसतो आणि उरलेल्या चुका वाचताना निसटतात. रूपांतरानंतर रफार, ज्ञ, ट्ट, अवतरणचिन्हं आणि आकडे मुद्दाम तपासा. मध्ये आलेले इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर देवनागरीत ढकलतो, ते हाताने परत टाकावे लागतात.

मजकूर मराठीच राहिला पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर आली, जोडाक्षरं सुटली, तर दोष इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या कंपोझरचा, म्हणजे अक्षरं ओळीत बसवणाऱ्या भागाचा आहे. पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ निवडा. नुसतं निवडून भागत नाही. मूळ पॅरेग्राफ स्टाइलच्या ‘जस्टिफिकेशन’ भागातही तोच ठेवा, नाहीतर नव्याने ओतलेला प्रत्येक लेख पुन्हा बिघडेल.

चौकोन येणं किंवा ओळी पुढेमागे सरकणं म्हणजे तो फाँट त्या मशिनवर नाही. विंडोजबरोबर निर्मला यूआय येतो, मॅकबरोबर कोहिनूर देवनागरी; पलीकडे गेलं की सॉफ्टवेअर दुसराच फाँट लावतं, पानं वाढतात आणि अनुक्रमणिका चुकते. अंकासाठी मुक्त परवान्याचा एक फाँट ठरवा (मुक्त, शोभिका किंवा नोटो) आणि त्याची एकच फाइल, एकाच आवृत्तीची, सगळ्या मशिन्सवर टाका. मांडणीची फाइल देताना ‘फाइल – पॅकेज’ करून अख्खा फोल्डर द्या.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून मुद्रितशोधक आणि मांडणीकार हमखास भांडतात. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अक्षरं जोडणारं एक न दिसणारं चिन्ह. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एकच सापडतो. सगळीकडे दुरुस्ती केली म्हणणारा खोटं बोलत नसतो. दोन्ही रूपं मजकुरातून कॉपी करून वेगवेगळी शोधा.

प्रश्न : अकाउंट्समधल्या जुन्या मॅकवरच्या एक्सेलमधून तारखा विंडोजच्या फाइलीत चिकटवल्या की त्या चार वर्षं मागे जातात. रोज वाद होतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चार वर्षं आणि एक दिवस मागे. 2 एप्रिल 2024 चं बिल 1 एप्रिल 2020 चं दिसेल. एक्सेल तारखेऐवजी दिवसांचा आकडा साठवतो. विंडोजवर ही मोजणी 1900 पासून, तर 2011 च्या आधीच्या मॅक एक्सेलमध्ये 1904 पासून होते. फरक 1462 दिवसांचा. रिकाम्या सेलमध्ये 1462 लिहून कॉपी करा, चुकलेल्या तारखा निवडा आणि ‘पेस्ट स्पेशल’मध्ये ‘व्हॅल्यूज’ व ‘ॲड’ निवडा. उलट दिशेने गेलेल्या तारखांना ‘सबट्रॅक्ट’. जुन्या फाइलीच्या सेटिंगमधली 1904 ची खूण मात्र काढू नका. त्या फाइलीतल्या सगळ्याच तारखा सरकतील.

प्रश्न : मॅकवाल्यांनी दिलेल्या पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाइल दोनदा दिसते आणि काही फाइली कॉपीच होत नाहीत.
– एक वाचक, पणजी

उत्तर : टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी छोटी जोडफाइल मॅकने स्वतःसाठी केलेली असते. पीडीएफ किंवा फोटोची असेल तर खुशाल काढा. मॅकच्या जुन्या पोस्टस्क्रिप्ट फाँटचं मात्र सगळं काम त्या जोडफाइलीत असतं. ती गेली की फाँट शून्य केबीचा होतो. असे फाँट मॅकवरच झिप करून घ्या. (अडोबीने जानेवारी 2023 पासून टाइप 1, म्हणजे याच पोस्टस्क्रिप्ट फाँटना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आधार देणं बंद केलं आहे, तेव्हा नव्या कामात ते वापरूच नका.)

कॉपी न होणाऱ्या फाइलींची नावं पाहा. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, तारांकन, उभी रेघ ही चिन्हं मॅकवर नावात चालतात, विंडोजवर नाही. तारीख लिहायला आडवी रेघ वापरा. ड्राइव्ह एक्सफॅट या साठवणीच्या पद्धतीत फॉरमॅट करा : एनटीएफएस ही विंडोजची पद्धत मॅक फक्त वाचतो आणि फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट अर्धवट राहिलेलं लेखन सावरू शकत नाही, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ड्राइव्ह उपसू नका.

प्रश्न : साहेबांनी सगळ्यांना एम मालिकेचे मॅक दिले. टॅली कसं चालवायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टॅली विंडोजसाठीच आहे, आणि ॲपलची स्वतःची चिप असलेल्या या मॅकवर बूट कॅम्प (थेट विंडोज सुरू करण्याची सोय) चालत नाही. पॅरलल्स या मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एआरएमची, म्हणजे अशा चिपसाठीची, विंडोज 11 टाकता येते, पण डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर तिथे बहुधा अडतो. अकाउंट्ससाठी एक विंडोज पीसी ठेवा, टोकन त्यालाच लावा आणि मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने टॅली उघडा. त्यासाठी पीसीवर विंडोजची प्रो आवृत्ती लागेल. होम आवृत्ती बाहेरून जोडणी घेत नाही.