मुलीला पायलट व्हायचे आहे, पण त्या प्रवासानंतर माझे मन धजत नाही

सप्रेम नमस्कार.

दिल्लीहून मुंबईला येताना, उतरण्याच्या काही मिनिटे आधी, आपले विमान एकाएकी डावीकडे कलले, लगेच सरळ झाले, आणि पुढच्या मोठ्या विमानाच्या ‘वेक टर्ब्युलन्स’मुळे तसे घडल्याचे पायलटने नंतर सांगितले, असे आपण पत्रात लिहिले आहे. बारावी विज्ञान शाखेत शिकणारी आपली मुलगी तेव्हापासून याच विषयावर वाचत असून पायलट होण्याचा तिचा निश्चय अधिकच पक्का झाला आहे. आपले मन मात्र धजत नाही, म्हणून तिला जमिनीवरचे एखादे क्षेत्र सुचवावे, अशी आपली विनंती आहे.

आपली भीती निराधार नाही. पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो. या फरकामुळे विमान उचलले जाते, पण त्याच फरकामुळे पंखांच्या टोकांशी हवा खालून वर वळते आणि विमानामागे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे सुटतात. यांनाच ‘वेक टर्ब्युलन्स’ म्हणतात. विमान जितके जड आणि जितके संथ, तितके हे भोवरे प्रबळ. ते डोळ्यांना दिसत नाहीत, मिनिटाला काहीशे फूट या वेगाने हळूहळू खाली उतरतात, आणि मंद वारा आडवा वाहत असेल तर त्यांपैकी एक भोवरा धावपट्टीवरच रेंगाळू शकतो.

म्हणून उतरणाऱ्या दोन विमानांमधले अंतर वजनावरून ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 136 टन किंवा त्याहून जास्त वजनाचे विमान ‘हेवी’ गटात मोडते, आणि त्याच्यामागून येणाऱ्या एअरबस ए-320सारख्या मध्यम विमानाला किमान 5 सागरी मैल, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर, मागे ठेवले जाते. पुढे त्याहूनही मोठे, ‘सुपर’ गटातले एअरबस ए-380 असेल तर 7 सागरी मैल. रेडिओवर अशा विमानाचा पायलट आपल्या कॉलसाइननंतर, म्हणजे विमानाच्या रेडिओवरील ओळखनावानंतर, ‘हेवी’ किंवा ‘सुपर’ हा शब्द उच्चारतो, तो याचसाठी. हे अंतर राखण्याचे काम एअर ट्रॅफिक कंट्रोलर करतो. उतरायला विमानांची रांग लागलेली असताना प्रत्येक अंतर पुरेसे राहील, पण धावपट्टीचा वेळही वाया जाणार नाही, असा हिशेब तो अखंड मांडत असतो. आपण विचारलेले जमिनीवरचे क्षेत्र हेच आहे, आणि माझ्या मते ते पायलटच्या कामाहून तसूभरही कमी प्रतीचे नाही.

तरीही केवळ भीतीपोटी तिला तिकडे वळवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे 587 क्रमांकाचे विमान पुढे गेलेल्या बोइंग 747च्या भोवऱ्यांत सापडले आणि काही क्षणांत कोसळले. विमानातील 260 आणि जमिनीवरील 5 जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले, की भोवरा स्वतःहून विमान पाडण्याइतका प्रबळ नव्हता. को-पायलटने रडरचे, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या झडपेचे, पेडल गरज नसताना, जोराने आणि आलटून पालटून दोन्ही बाजूंना दाबले, त्या भाराने शेपटीचा उभा भाग तुटून निघाला. त्या विमानाच्या रडरची रचना आणि कंपनीचे प्रशिक्षण यांचाही वाटा अहवालाने नोंदवला. याउलट जानेवारी 2017मध्ये अरबी समुद्रावर एक छोटे चॅलेंजर विमान समोरून हजार फूट वरून गेलेल्या ए-380च्या भोवऱ्यांत अनेकदा उलटेपालटे झाले आणि सुमारे 9,000 फूट खाली आले. आतील काही जण गंभीर जखमी झाले, विमान पुन्हा वापरण्याजोगे राहिले नाही, पण वैमानिकांनी ते सावरून मस्कतला सुखरूप उतरवले. या दोन घटनांवरून मला महत्त्वाचा वाटतो तो स्वभाव: अचानक काही घडले तर हातपाय आवरून, आवश्यक तेवढीच कृती करण्याचा. तो काही अंशी उपजत असतो आणि बराचसा सिम्युलेटरमधील सरावाने घडवता येतो. विमान कलल्यावर ती काय करत होती, हे आपण शेजारी बसून पाहिले आहे. माझ्यापेक्षा आपण अधिक जाणता.

पायलटच्या वाटेसाठी बारावीत भौतिकशास्त्र व गणित, वयाची 18 वर्षे आणि व्यावसायिक परवान्याकरिता 200 तासांचे उड्डाण लागते. हवामानशास्त्र आणि नॅव्हिगेशन यांचे पेपर असतात. तिची आजची आवड तिथे कामी येईल. आपल्याच राज्यात गोंदियाजवळ बिरसी येथे उड्डाण प्रशिक्षण मिळते. कंट्रोलर व्हायचे असेल तर भौतिकशास्त्र आणि गणितासह बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी पदवी घेऊन भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ज्युनियर एक्झिक्युटिव्ह पदाची परीक्षा द्यावी लागते. तिथे उड्डाणाचा खर्च नाही, मात्र रात्रपाळी आहे, आणि एकाग्रतेचा ताण पायलटइतकाच.

घाई फक्त एकाच गोष्टीची करावी. उड्डाण प्रशिक्षणाला अनेक लाख रुपये लागतात, आणि कर्ज काढून प्रवेश घेतल्यावर वैद्यकीय तपासणीत अडचण निघालेली कुटुंबे माझ्याकडे येतात. म्हणून बारावीची परीक्षा आटोपताच डीजीसीएमान्य (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या) डॉक्टरांकडून तिची क्लास टू ही प्राथमिक आणि त्यानंतर व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. प्रशिक्षण संस्थेला पहिला हप्ता त्याआधी भरू नये.