विचारा बिनधास्त: मासे वाढवायचे, पण जाहिरातींशिवाय

प्रश्न : नाइट ड्यूटीवरून आल्यावर लगेच झोप लागत नाही म्हणून मोबाइलवर मासे पाळायचा एक गेम घेतला, तर दर दोन मिनिटांनी जाहिरात आणि अंडं लवकर फुटायला पैसे मागतो. ओपन सोर्समध्ये असं शांत काही आहे का? लॅपटॉप साधाच आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे ना ताई, ‘कोई फार्म’ बघा. जॉब टाले नावाच्या डेव्हलपरने केलाय, कोड सगळा गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटवर, कुणालाही बघायला उघडा आहे आणि ब्राउझरमध्येच चालतो. कोई म्हणजे जपानचे ते रंगीत कार्प मासे, निगाताच्या डोंगरात भातशेती करणाऱ्यांनी १९व्या शतकात हौसेने निवडून निवडून वाढवलेले. पांढऱ्यावर लाल ठिपके तो कोहाकू, डोक्यावर एकच लाल गोल तो तांचो. गेममध्ये मासे तळ्यात सोडायचे, त्यांना पिल्लं होतात आणि आईबापाचे रंग-ठिपके पिल्लांत मिसळून येतात, मधूनच भलतंच काहीतरी उगवतं, आणि खरं सांगू का, मजा त्या भलत्यातच आहे. हवा तो रंग पक्का करायचा असेल तर तळ्यात गर्दी करू नका, सारखे दिसणारे दोनच ठेवा. खऱ्या फार्मवर एका मादीची लाखभर अंडी असतात आणि त्यातली बहुतेक पिल्लं नापास म्हणून काढून टाकतात, इथे तो जीव जाळायचा भाग नाही, नको असलेला मासा गेममधल्या नदीत सोडून द्या. फक्त ब्राउझरचा डेटा साफ करताना जपून, तळंही त्याच्याबरोबर जाऊ शकतं.

‘फिश फिलेट्स’ पण ओपन सोर्स आहे, मूळ गेम १९९८चा, त्यातही मासे आहेत पण ती कोडी आहेत हो, झोपेच्या आधी नकोच, डोकं तापेल.

प्रश्न : हे बघून मुलगा म्हणतो खरे गप्पी आणून असेच रंग काढू. जमेल? – तेच वाचक

उत्तर : जमेल की, गप्पी अंडी नाही घालत, थेट पिल्लंच देतात आणि तेही साधारण महिन्याभरात. गोची एवढीच की मादी नराचं बीज पोटात महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे दुकानातून आणलेल्या मादीची पिल्लं तुमच्या नराची असतीलच असं नाही. त्या पिल्लांतल्या माद्या लहान असतानाच वेगळ्या भांड्यात काढा आणि पुढची जोडी त्यांच्यातून लावा.