बंदूक, मुंबईची हवा आणि तेलाची बाटली

प्रश्न : काका, आजोबांची बारा बोअरची डबल बॅरल आहे, लायसन आता माझ्या नावावर. निवडणुकीच्या वेळी पोलीस स्टेशनला जमा केली होती, दोन-अडीच महिन्यांनी परत मिळाली तर नळ्यांवर आणि चापाच्या आसपास तांबूस ठिपके. बायको म्हणते पितांबरीने घास, मित्र म्हणतो डब्ल्यूडी-४० मार. कोणाचं ऐकू? – एक वाचक, माहीम

उत्तर : या बाबतीत बायकोचं ऐकू नका, पितांबरी देवघरातल्या तांब्यासाठी. बंदुकीचा तो निळसर काळा रंग, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो म्हणजे लोखंडाचाच एक ऑक्साइड, गंजाचा चुलत भाऊच म्हणा ना, त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर, हार्डवेअरवाल्याकडचा रस्ट रिमूव्हर, जे जे गंज खातं ते ब्लूइंगपण खातं आणि खालचं लोखंड उघडं पडतं. मग माहीमच्या खाऱ्या हवेत आठवड्यात आहे त्यापेक्षा वाईट होईल.

आधी नळ्या उघडून दोन्हीत काडतूस नाही हे डोळ्याने बघा, बोट घालूनही बघा, माहिती असलं तरी बघा. ठिपक्यांवर पातळ गन ऑइल लावून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यात बारीक स्टील वूल, चार शून्यवाली (भांडी घासायची तारेची घासणी नाही हं!), तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवा, तांबूस तेल निघेल ते पुसत राहा. वरवरचा गंज एवढ्यात जातो. नखाला खड्डा लागत असेल किंवा नळीच्या आत काळे डाग दिसत असतील तर थांबा, लायसनवाल्या गनस्मिथला दाखवा, आणि तोपर्यंत फायर करू नका.

डब्ल्यूडी-४० बद्दल मित्र अर्धा बरोबर आहे. हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला बनलं, नावाचा अर्थच पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं, आणि सुरुवातीला ॲटलस मिसाईलचा पत्रा गंजू नये म्हणून वापरायचे. म्हणजे पावसात भिजलेल्या बंदुकीतलं पाणी काढायला मस्त, पण मागे राहणारा थर इतका पातळ की ना धड वंगण ना धड कवच. मारा, पुसा, आणि वर खरं तेल लावा.

आता पुढच्या वेळेचं सांगतो कारण निवडणुका काय येतच राहणार. माझ्या स्वतःच्या बंदुकीवर एकदा कोणाच्यातरी अंगठ्याचा अख्खा ठसा गंजून आला होता, रेषा मोजता येतील असा! घामात मीठ असतं, बंदूक तेलाच्या कपड्याने न पुसता तशीच ठेवली की ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. तर जमा करायच्या आदल्या दिवशी नळी साफ करा, आतून-बाहेरून रस्ट प्रिव्हेंटिव्ह म्हणजे गंज रोखणारं तेल लावा, हे नेहमीच्या तेलापेक्षा जाड असतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. चामड्याच्या कव्हरात अजिबात देऊ नका, चामडं ओल धरून ठेवतं, तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळा. फोटो काढा आणि पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या, मागायला लाजू नका. परत आल्यावर फायर करायच्या आधी नळीतून कोरडी चिंदी फिरवायची, तेल भरलेल्या नळीतून बार काढायचा नाही.

प्रश्न : लायसनचं पॉइंट थ्री टूचं रिव्हॉल्व्हर आहे, वापर जवळपास नाही. एवढ्या बाटल्या बघून डोकं फिरतं, एकच सांगा. घरचं खोबरेल चालेल का? – बोरिवली

उत्तर : खोबरेल केसांना. काही महिन्यांत ते चिकट होतं, धूळ धरतं आणि सिलिंडर जड फिरायला लागतं. शिवणमशीनचं तेल त्यापेक्षा बरं, वंगण म्हणून चालतं पण गंजापासून फार वाचवत नाही.

बाटल्या बऱ्याच दिसतात पण कामं तीनच, मळ काढणं, वंगण, गंज रोखणं. हॉप्स नंबर नाइन ही १९०३ पासूनची बाटली फक्त मळ काढते, ती लावून तशीच ठेवून देणारे लोक मी पाहिलेत. तुमच्यासारख्या कमी वापराला सीएलपी (क्लीन, ल्यूब, प्रोटेक्ट) लिहिलेलं एखादं तेल घ्या, तिन्ही कामं बऱ्यापैकी करतं. बॅलिस्टॉल मिळालं तर तेही उत्तम, जर्मनीत १९०४ च्या सुमारास सैन्यासाठी बनवलेलं, धातू, लाकूड, चामडं सगळ्याला चालतं, वास मात्र घरच्यांना विचारून! निकेलचा मुलामा असेल तर अमोनियावाला कॉपर सॉल्व्हंट, म्हणजे नळीतलं तांबं काढायचं द्रावण, टाळा, मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर तो खाऊन मुलामा सोलतो.

आणि लोक चुकतात ते प्रमाणात. दोन थेंब पुरतात. सिलिंडरच्या घरांत, म्हणजे काडतुसं बसतात त्या भोकांत, तेल साचलं की ते हळूहळू काडतुसाच्या टोपीत, म्हणजे ठोका बसून ठिणगी पडते त्या भागात, झिरपतं आणि ऐनवेळी नुसतं टिक वाजतं. घरं चिंदीने कोरडी करा, मगच भरा.

प्रश्न : मुलगी वरळीला रेंजवर दहा मीटर एअर रायफल शिकते. घरी शिवणमशीनचं तेल आहे, नळीत घालू का? – एक आई, परळ

उत्तर : ताई, नका घालू. तिची रायफल सिलिंडरच्या हवेवर चालते, दोनशे बारच्या आसपासचा दाब असतो, त्यात साधं पेट्रोलियम तेल गेलं तर भडका उडू शकतो, शिवाय रबरी ओ-रिंग फुगून खराब होतात ते वेगळंच. ओ-रिंगला शिफारस केलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही कोचने सांगितलं तरच. नळी साफ करायला फेल्टचे म्हणजे दाबलेल्या लोकरीचे गोळे मिळतात, ते कोच किंवा आर्मरर (रेंजवर बंदुकांची देखभाल करणारा) यांच्यासमोर शिकून घ्यायचं, ब्रशची गरज नाही. बाहेरचं लोखंड प्रॅक्टिस झाल्यावर कोरड्या कपड्याने आणि मग तेलाचा जेमतेम हात लागलेल्या कपड्याने पुसायचं, वरळीचा समुद्र काही लांब नाही. आणि रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय तिला वडापाव खाऊ देऊ नका, छर्रे शिशाचे असतात.