एक संगणक, चार मॉनिटर आणि ‘नो सिग्नल’

प्रश्न : माझ्या ग्राफिक्स कार्डाला दोन डिस्प्लेपोर्ट व एक एचडीएमआय पोर्ट आहे. एका डिस्प्लेपोर्टवर एमएसटी हब (एका पोर्टवरून अनेक मॉनिटर चालवणारे उपकरण) लावून दोन ४के मॉनिटर, दुसऱ्यावर १०८०पीचा मॉनिटर आणि एचडीएमआयवर दहा मीटरच्या केबलने तिसरा ४के मॉनिटर जोडला आहे. हबवरील दुसरा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो. पहिल्याची केबल काढली की तो लगेच चालू होतो. दूरचा मॉनिटर मात्र अधूनमधून दोन-तीन सेकंद काळा पडतो. कार्ड बदलावे का?

उत्तर : तूर्त नको. आपण वर्णन केलेल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. जो मॉनिटर दुसऱ्याची केबल काढताच चालू होतो तो बिघडलेला नाही. त्याच्या वाट्याला पुरेशी बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला माहिती वाहून नेण्याची क्षमता, येत नाही, एवढेच.

आपला हब डिस्प्लेपोर्ट १.२ प्रकारचा असावा, असे लक्षणांवरून दिसते. त्या मानकात चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त १७.२८ गिगाबिट मिळतात, आणि ६० हर्ट्‌झवर चालणाऱ्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या, एका ४के मॉनिटरलाच सुमारे १२.८ गिगाबिट लागतात. हबला दोन किंवा तीन तोंडे असली तरी कार्डाकडून येणारी वाट एकच असते, ही गोष्ट हबच्या खोक्यावर सहसा ठळकपणे लिहिलेली नसते. १०८०पीच्या मॉनिटरला मात्र साधारण साडेतीन गिगाबिट पुरतात. तेव्हा हबवरील एक ४के मॉनिटर काढून थेट दुसऱ्या डिस्प्लेपोर्टला जोडावा आणि १०८०पीचा मॉनिटर हबवर न्यावा. दोघांची बेरीज सुमारे १६.३ गिगाबिट होते आणि ती मर्यादेत बसते. रंगाची खोली (प्रत्येक मूळ रंगासाठी वापरले जाणारे बिट) मात्र ८ बिट ठेवावी, कारण १० बिट निवडल्यास एकटा ४के मॉनिटरच १६ गिगाबिट घेतो आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. अदलाबदल करताना हबचा वीजपुरवठा काही वेळ बंद ठेवावा, म्हणजे मॉनिटरांची माहिती नव्याने वाचली जाईल.

दूरच्या मॉनिटरबाबत माझा संशय केबलवर आहे. ४के चित्र ६० हर्ट्‌झवर पाठवताना दहा मीटरच्या साध्या तांब्याच्या केबलवर भरवसा ठेवता येत नाही. खात्री करण्यासाठी त्या मॉनिटरचा रिफ्रेश दर काही काळ ३० हर्ट्‌झ ठेवून पाहावा. सिग्नलचा वेग निम्म्यावर आल्यावर काळे पडणे थांबले, तर ऑप्टिकल (प्रकाशतंतूंतून सिग्नल नेणारी) एचडीएमआय केबल घ्यावी. तिची एक बाजू संगणकासाठी आणि दुसरी मॉनिटरसाठी ठरलेली असते. ती उलटी लावल्यास चित्र मुळीच येत नाही, आणि मग चांगली केबल सदोष समजून परत केली जाते.

३० हर्ट्‌झवरही तसेच घडत राहिले, तर मॉनिटर नेमका केव्हा काळा पडतो याकडे लक्ष द्यावे. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून कोणी उठले की स्थिर विजेचा झटका केबलपर्यंत पोहोचून चित्र क्षणभर जाते, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. अशा वेळी चांगले धातूचे आवरण (शिल्डिंग) असलेली केबल वापरावी आणि ती खुर्चीपासून दूर न्यावी.